डिस्चार्जनंतरचा रकाना

२०२० च्या पावसाळ्यात कल्याण-डोंबिवलीत रोज संध्याकाळी एक तक्ता मोबाइलवरून फिरायचा. महापालिकेचा. कल्याण पूर्व, कल्याण पश्चिम, डोंबिवली पूर्व, डोंबिवली पश्चिम, मांडा-टिटवाळा, मोहने अशी नावं आणि प्रत्येकापुढे त्या दिवशी सापडलेल्या रुग्णांचा आकडा. त्याखाली एकूण रुग्ण, उपचार सुरू असलेले, मृत्यू आणि डिस्चार्ज. लोक आधी आपला भाग बघत, मग मृत्यूचा आकडा. डिस्चार्जचा आकडा बघून जरा हायसं वाटे आणि तक्ता पुढच्या ग्रुपवर जाई. ठाण्याचा तक्ता वेगळा, उल्हासनगरचा वेगळा, भिवंडीचा वेगळा. रचना साधारण तीच.

साथ कोणत्या आठवड्यात कुठल्या वस्तीत शिरली हे या तक्त्यांवरून चांगलं मांडता येतं. पण शेवटचा रकाना डिस्चार्जचा. त्यात आकडा पडला की माणूस कागदावरून उतरला. विषाणू गेल्यानंतर फुफ्फुसात जे मागे उरतं त्याची गोष्ट मात्र नेमकी तिथून सुरू होते. म्हणजे ज्याचा इतिहास लिहायचा त्याला मुख्य साधनात जागाच नाही. तो लिहायचा तर भलत्याच कामासाठी तयार झालेले कागद जमवावे लागतात: तपासणीचे दर ठरवणारे आदेश, औषधांची बिलं, छातीच्या एचआरसीटीच्या (बारकाईच्या सीटी स्कॅनच्या) फिल्म, लोकल कोणासाठी कधी सुरू झाली याची पत्रकं, आणि वेल्लोर, चंदीगड, वुहान इथले शोधनिबंध. यातला एकही कागद आपल्या प्रश्नासाठी लिहिलेला नाही, हे आधी मान्य करून पुढे जायचं.

ही अडचण शंभर वर्षांपूर्वीही होती. १९१८ च्या इन्फ्लुएंझाचे कागद उघडले की तोच प्रश्न वेगळ्या रूपात समोर येतो.

मुंबईतला क्रम बऱ्यापैकी नक्की आहे. १० जून १९१८ रोजी गोदीवर नेमलेले सात पोलीस शिपाई तापाने आजारी होऊन इस्पितळात दाखल झाले. ताप मलेरियाचा नव्हता. पुढच्या दहा दिवसांत गोदी, पोर्ट ट्रस्ट, तार ऑफिस, टांकसाळ, बँका आणि गिरण्या अशी नोंद सरकत जाते. शहराचे आरोग्य अधिकारी जे. ए. टर्नर यांचा रोख मे अखेरीस बंदराला लागलेल्या जहाजाकडे होता. सरकारचं म्हणणं की खलाशांनाच मुंबईत लागण झाली. ही पहिली लाट सौम्य होती. दुसरी सप्टेंबरात उठली आणि ६ ऑक्टोबरला एका दिवसात मुंबईत ७६८ माणसं गेली.

मुंबईतून बाहेर पडणारी माणसं कल्याणवरून जात. १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत आणि पुढच्या वर्षी कल्याणपर्यंत आलेल्या लोहमार्गाला इथेच दोन फाटे फुटतात. एक कसारा-इगतपुरीकडे, दुसरा कर्जत-पुण्याकडे. भारत सरकारचे सॅनिटरी कमिशनर एफ. नॉर्मन व्हाइट यांच्या प्राथमिक अहवालात साथ पसरण्यात रेल्वेचा वाटा स्पष्ट नोंदवला आहे. तेव्हा कल्याणचं स्टेशन या साथीच्या वाटेवरच होतं, एवढं अनुमान काढायला हरकत नाही.

त्यापुढे कागद लगेच तोकडे पडतात. गावोगावच्या मृत्यूनोंदीत पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, श्वसनाचे विकार, अपघात आणि इतर असे ठरलेले रकाने होते. इन्फ्लुएंझाला रकाना नव्हता. लिहिणाऱ्या गावकामगाराने समोर पडलेला मृत्यू बहुतेक वेळा ‘ताप’ या रकान्यात टाकला, थोडे ‘श्वसनाचे विकार’ यात गेले. म्हणून १९१८ मध्ये इन्फ्लुएंझाने नेमके किती मेले हे कुठल्याच नोंदवहीत लिहिलेलं नाही. अभ्यासकांनी मागच्या वर्षांची सरासरी काढली, १९१८ च्या आकड्यातून ती वजा केली आणि उरलेलं साथीच्या नावावर टाकलं. व्हाइट यांचा अंदाज देशभरात सुमारे ६० लाखांचा. १९२१ च्या जनगणनेचे आयुक्त जे. टी. मार्टेन १ कोटी २० ते ३० लाखांपर्यंत गेले. १९८६ मध्ये आय. डी. मिल्स यांनी तो आकडा १ कोटी ७० ते ८० लाखांवर नेला, आणि २०१२ मध्ये सिद्धार्थ चंद्रा व सहकाऱ्यांनी ब्रिटिश अमलाखालच्या भागापुरता १ कोटी ३८ लाखांच्या आसपास आणला. मेलेल्यांच्या आकड्याबाबत इतकं अंतर. जे वाचले त्यांच्या छातीचं काय झालं, हे वजाबाकीने काढता येण्यासारखंच नाही.

ठाणे जिल्ह्यापुरतं बोलायचं तर आणखी एक खाच आहे. १९११ आणि १९२१ या दोन जनगणना शेजारी ठेवून घट मोजावी असं कुणालाही वाटेल. पण मधे १९२० मध्ये साष्टीचा मोठा भाग काढून मुंबई उपनगर जिल्हा केला गेला. १९२१ चा ‘ठाणे जिल्हा’ हा १९११ चा ठाणे जिल्हा नव्हे. ही दुरुस्ती न करता आकडे मांडले तर साथीने मेलेल्यांत सीमारेषेपलीकडे गेलेले जिवंत लोकही धरले जातात.

वाचलेल्यांबद्दल १९१८ चे कागद थेट काही सांगत नसले तरी आडून एक खूण देतात. मुंबई शहराची एक तालिका मिल्स यांच्यामुळे प्रसिद्ध झाली: दर हजारी मृत्यू, खालच्या मानलेल्या जातींच्या हिंदूंत ६१.६, इतर हिंदूंत १८.९, पारशांत ९, युरोपियनांत ८.३. एकच विषाणू, एकच शहर, आणि सातपटीचा फरक. तो पडतो खोलीत माणसं किती, चूल खोलीतच आहे का, आजारपणात कामावर जावं लागलं का आणि पाणी द्यायला घरात कुणी उठून उभं होतं का, यांवरून. मरण्यात एवढा फरक असेल तर वाचून अधू राहण्यातही तो असणार, असं मला वाटतं. पण हे माझं वाटणं आहे. त्याला १९१८ चा कागद नाही.

आता परत २०२० कडे.

सीमेची खाच इथेही निघाली, आणि गंमत म्हणजे ऐन साथीत. जून २०२० मध्ये राज्य सरकारने हद्दीबद्दल वाद असलेल्या २७ गावांपैकी १८ गावं कल्याण-डोंबिवली महापालिकेतून वगळली. डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली. जुलैत ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत पुन्हा कडक टाळेबंदी होती, २ तारखेपासून १९ पर्यंत. त्याच सुमारास ही गावं पालिकेची की जिल्हा परिषदेची, हा वाद चालू होता. महापालिकेचा २०२० चा एखादा एकूण आकडा उचलताना तो नेमका कुठल्या हद्दीचा, हे विचारल्याशिवाय उचलू नये. शिवाय डोंबिवलीचा माणूस ठाण्यात किंवा मुंबईत दाखल झाला की नोंदी दोन शहरांत विभागल्या जात. ठाण्यात बाळकुमला १,०२४ खाटांचं ग्लोबल हब जूनमध्ये उभं राहिलं. डोंबिवलीत शास्त्रीनगर रुग्णालय आणि सावळाराम महाराज म्हात्रे क्रीडासंकुल, कल्याणात लालचौकीची आर्ट गॅलरी, भिवंडीच्या वाटेवर टाटा आमंत्रा: खेळाचं मैदान, चित्रांचं दालन आणि राहायच्या इमारती यांची इस्पितळं झाली होती. साथ ओसरल्यावर ती पुन्हा आपापल्या मूळ कामाला लागली.

डिस्चार्ज म्हणजे काय, हे ठरवणारा कागद ८ मे २०२० चा आहे, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचा. सौम्य रुग्णाला लक्षणं सुरू झाल्यापासून दहा दिवसांनी, शेवटचे तीन दिवस ताप नसेल तर, पुन्हा चाचणी न करता घरी सोडायचं. मध्यम रुग्णाला ऑक्सिजनशिवाय सॅच्युरेशन टिकत असेल तर सोडायचं. गंभीर रुग्णाला तब्येत सावरल्यावर आणि आरटीपीसीआर एकदा निगेटिव्ह आल्यावर. खाटा रिकाम्या होण्यासाठी हा निर्णय गरजेचा होता आणि त्यावर टीका करायचं मला कारण दिसत नाही. मात्र साधन म्हणून त्याचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. हा माणूस आता दुसऱ्याला लागण करणार नाही आणि नळीशिवाय श्वास घेऊ शकतो, एवढंच डिस्चार्ज सांगतं. फुफ्फुस पूर्ववत झालं असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. तक्ता वाचणाऱ्यांनी ते तसं वाचलं.

मंत्रालयालाही हे कळत होतं. १३ सप्टेंबर २०२० ला कोविडनंतरच्या काळजीची वेगळी नियमावली निघाली. त्यात डिस्चार्जनंतर सात दिवसांच्या आत पहिली फेरतपासणी, शक्यतो त्याच रुग्णालयात, असं सांगितलं आहे. घरी तापमान, रक्तदाब, साखर, ऑक्सिमीटर. सोबत योगासनं, प्राणायाम, चालणं, च्यवनप्राश, कोमट पाणी. त्या कागदात सात दिवसांपलीकडे, सहाव्या महिन्याबद्दल किंवा दुसऱ्या वर्षाबद्दल ठाम वेळापत्रक नाही, आणि त्या वेळी ते कोण देऊ शकणार होतं?

त्यानंतर अकरा दिवसांनी, २४ सप्टेंबरला, राज्य सरकारने जो आदेश जाहीर केला तो मला या सगळ्या विषयातला सर्वांत बोलका कागद वाटतो. तो एचआरसीटीच्या दरांचा आहे. सोळा स्लाइसपेक्षा कमी क्षमतेचं मशीन असेल तर २,००० रुपये, १६ ते ६४ साठी २,५००, त्याहून वरच्यासाठी ३,०००. त्यात फिल्म, पीपीई, निर्जंतुकीकरण, जीएसटी सगळं धरलेलं. अहवालावर तपासणी कोणत्या मशीनवर केली ते लिहिणं बंधनकारक, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय तपासणी नाही. एखाद्या गोष्टीचा दर सरकारला बांधावा लागतो तेव्हा ती गोष्ट घरोघरी पोहोचलेली असते. चिठ्ठीची अट घालावी लागते तेव्हा लोक चिठ्ठीशिवाय रांगेत उभे राहू लागलेले असतात. छातीची सीटी-छायाचित्रं इतक्या मोठ्या प्रमाणावर या शहरांत त्याआधी बहुधा कधी काढली गेली नव्हती. आजाराचा इतिहास लिहिणाऱ्याला हे साधन अनपेक्षितपणे मिळालेलं आहे, किमतीच्या तक्रारींमुळे.

पुढच्या वर्षी, मे २०२१ मध्ये, एम्सचे तेव्हाचे संचालक रणदीप गुलेरिया यांनी एक सीटी म्हणजे छातीचे तीनचारशे एक्स-रे असं सांगून सौम्य आजारात सीटी करू नका असा इशारा दिला, आणि रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने हा हिशेब जुन्या यंत्रांचा असल्याचं म्हणत त्याला हरकत घेतली. तोवर रांगा लागून गेल्या होत्या.

डोंबिवलीतल्या कुठल्याही घरी कपाटाच्या वरच्या कप्प्यात बटणाची प्लास्टिकची फाईल असते. २०२० किंवा २०२१ मधली असली तर तिच्यात साधारण एकाच क्रमाने कागद सापडतात. वर स्वॅबचा अहवाल. मग एचआरसीटीची काळी फिल्म, मोठ्या पाकिटात, दुमडून कोपरे मोडलेली, आणि तिच्यासोबत टाइप केलेलं पान: दोन्ही बाजूंना ग्राउंड ग्लास, कडेकडेने जास्त, सीओ-रॅड्स अमुक, स्कोअर २५ पैकी तमुक. हा स्कोअर तेव्हा परीक्षेच्या निकालासारखा विचारला जायचा. शेजारीपाजारी ‘किती आला?’ एवढंच विचारत. डाव्या फुफ्फुसाचे दोन आणि उजव्याचे तीन भाग, प्रत्येकाला किती व्यापलं यावरून पाचापर्यंत गुण, बेरीज पंचविसात. मग रक्ताचे अहवाल: सीआरपी, डी-डायमर, फेरिटिन, आयएल-६. डिस्चार्ज कार्ड. त्यावर स्टेरॉइडचा कमी कमी होत जाणारा डोस. १६ जून २०२० ला ऑक्सफर्डच्या रिकव्हरी चाचणीने डेक्सामेथासोनचा उपयोग दाखवून दिल्यानंतरच्या कार्डांवर तो बहुधा असतोच. काही कार्डांवर पिरफेनिडोन किंवा निंटेडॅनिब. ही औषधं मुळात वेगळ्या, कारण न सापडणाऱ्या फायब्रोसिसची, म्हणजे व्रण पडून फुफ्फुस कडक होण्याच्या आजाराची. इथे ती आशेवर दिलेली.

फाईलीच्या तळाशी औषधदुकानाची बिलं. ती थर्मल कागदावर छापलेली असतात आणि चार-पाच वर्षांत कोरी होतात. सीडीतलं चित्र उघडायला घरात सीडी लागणारं यंत्र उरलेलं नाही. पीडीएफ जुन्या फोनबरोबर गेली. टिकते ती फिल्म. म्हणजे आजाराचा दिवस टिकतो, खर्च पुसला जातो.

कागद नसलेली एक वस्तूही याच कप्प्यात मिळते. तीन नळ्या, तीन रंगीत चेंडू आणि एक पन्हाळी नळी. नळ्यांवर ६००, ९००, १२०० असे आकडे, सेकंदाला किती घनसेंटिमीटर हवा आत ओढली याचे. पहिला चेंडू उचलायला सगळ्यांना जमतं. दुसरा उचलून तिथेच दोन-तीन सेकंद धरणं ही आजारानंतरची पहिली परीक्षा. तिसरा महिन्यांनी. फिजिओथेरपीच्या दृष्टीने ही साधी वस्तू आहे, इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची: ऑक्सिमीटर सोडलं तर फुफ्फुसाचं काम किती सुधारलं हे घरच्या घरी मोजणारं त्या काळातलं बहुधा एकमेव साधन. मात्र त्यातला कोणता चेंडू कोणत्या तारखेला वर गेला हे क्वचितच कुणी लिहून ठेवलं असेल.

ते लिहिलेलं असतं तर उपयोगी पडलं असतं, कारण इस्पितळातल्या सीटीत जे दिसतं आणि फुफ्फुस जे करतं त्यात फरक असतो. सीटी त्या दिवशीचं चित्र देते. ऑक्सिजन हवेतून रक्तात किती सहज उतरतो, हे तपासायला डीएलसीओ नावाची वेगळी चाचणी लागते. रुग्णाला अत्यल्प कार्बन मोनॉक्साइड मिसळलेली हवा एका दमात आत घ्यायला सांगतात, दहा सेकंद श्वास रोखायला लावतात, आणि बाहेर आलेल्या हवेत किती वायू उरला ते मोजतात. वायुकोशांच्या भिंती जाड झाल्या असतील तर कमी शोषला जातो. साध्या फुंकणीच्या चाचणीत, स्पायरोमेट्रीत, असा माणूस कधीकधी ठीकही निघतो. डीएलसीओचं यंत्र महाग आणि मोजक्याच मोठ्या रुग्णालयांत. ज्याची ही चाचणी झाली नाही त्याच्या फाईलीत दोष दिसत नाही. यावरून दोष नव्हता असं धरणं म्हणजे ‘ताप’ या रकान्यावरून इन्फ्लुएंझा नव्हता असं म्हणण्यासारखं होईल.

लोकलची पत्रकं इथे उपयोगी पडतात. मार्च २०२० च्या चौथ्या आठवड्यात लोकल बंद. १५ जूनपासून फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांना. २१ ऑक्टोबरपासून महिलांना ठरलेल्या वेळात. १ फेब्रुवारी २०२१ पासून सगळ्यांना, पण गर्दीची वेळ सोडून. मग दुसऱ्या लाटेत पुन्हा बंदी आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांना. आता विचार करा: जुलै २०२० मध्ये आजारी पडलेला डोंबिवलीचा कारकून कित्येक महिने घरून काम करत होता. हॉल ते स्वयंपाकघर एवढंच चालणं. त्याची धाप त्याला कळणार कशी? फुफ्फुसाच्या संशोधनात सहा मिनिटं चालण्याची चाचणी असते. सपाट मार्गिकेत किती मीटर चालता येतं आणि सॅच्युरेशन किती घसरतं ते बघतात. या शहरात ती चाचणी रोज सकाळी पादचारी पुलाच्या जिन्यावर होते, पण २०२० मध्ये जिनाच बंद होता. म्हणून इथल्या तक्रारींच्या तारखा आजाराच्या तारखांशी जुळवण्याऐवजी लोकल सुरू होण्याच्या तारखांशी जुळवून पाहाव्यात, असं माझं मत आहे.

आता संशोधन. २०२१ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले झरीर उदवाडिया, काश्मीरचे परवेझ कौल आणि इटलीचे लुका रिचेल्डी यांचा लेख ‘लंग इंडिया’त आला. कोविडनंतरचं फुफ्फुसांचं फायब्रोसिस म्हणजे भूकंपामागून येणारी त्सुनामी, असं त्याचं शीर्षकच होतं. भीती अनाठायी नव्हती. त्याच वर्षी जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये वुहानच्या जिनयिनतान रुग्णालयातून सोडलेल्या १,७३३ जणांचा सहा महिन्यांनंतरचा अभ्यास आला. तीन चतुर्थांशांना निदान एक तरी तक्रार उरलेली. जे सर्वांत गंभीर होते त्यांच्यातल्या ५६ टक्क्यांचं डीएलसीओ कमी. ज्यांना ऑक्सिजन लागलाच नव्हता त्यांच्यातही २२ टक्के. हा दुसरा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तक्त्यावर ज्यांना ‘सौम्य’ म्हणून सोडलं गेलं असतं त्यांच्यातलेच हे.

भारतातला नेमका पुरावा वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधून आला. डी. जे. क्रिस्टोफर आणि सहकाऱ्यांनी पहिल्या लाटेतल्या २०७ जणांच्या फुफ्फुसांची कामगिरी तपासली. ४४ टक्क्यांत डीएलसीओ कमी, ३५ टक्क्यांत फुफ्फुसाची फुगण्याची क्षमता घटलेली, ८ टक्क्यांच्या आसपास श्वासनलिका आकसल्याच्या खुणा. युरोप आणि चीनच्या आकड्यांपेक्षा हे वाईट. बातम्यांनी ते तसंच छापलं, ‘भारतीयांची फुफ्फुसं जास्त खराब’. निबंधातली अडचण बातमीत आली नाही: या माणसांची आजाराआधीची फुफ्फुसं कशी होती हे माहीत नाही.

डोंबिवलीकराला ही अडचण समजावून सांगावी लागत नाही. जानेवारी २०१४ मध्ये एमआयडीसीच्या परिसरात हिरवा पाऊस पडला. फेब्रुवारी २०२० मध्ये, साथ यायच्या अगदी महिनाभर आधी, तिथला रस्ता गुलाबी झाला होता. रासायनिक धुरात वीस वर्षं काढलेली छाती कोविडनंतर स्कॅनखाली गेली तर त्यातला कुठला डाग कशाचा? जुन्या क्षयाचे व्रणही त्याच फिल्मवर दिसतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी नोंदवहीत फुफ्फुसाच्या ऊतींच्या आजाराचे १,०८४ रुग्ण होते आणि त्यांतल्या ४७ टक्क्यांना धूळ, बुरशी, पक्ष्यांची विष्ठा यांच्या ॲलर्जीतून झालेला न्यूमोनायटिस होता. कूलरचा त्यात मोठा हात. कबुतरांचा प्रश्न तर ठाण्यापासून दादरपर्यंत प्रत्येक सोसायटीच्या सभेत निघतो. विषाणूच्या खात्यावर काय लिहायचं आणि काय नाही, हे ठरवायला २०१९ ची एक तरी नोंद लागते. ती फार थोड्यांकडे आहे.

मग त्सुनामी आली का? जगभरच्या फेरतपासण्यांत जे दिसलं त्यावरून, भीती वाटली होती त्या रूपात नाही. सहा महिन्यांच्या फिल्मवर दिसणारे पट्टे वर्षभरात बऱ्याच जणांत पुसट झाले. फुफ्फुस सतत आक्रसत जाणारा आजार थोड्यांनाच झाला, आणि ज्यांना झाला त्यांत व्हेंटिलेटरवर राहून आलेले जास्त. औषधांबाबत चंदीगडच्या पीजीआयची चाचणी नमुनेदार आहे. तिथे १३० रुग्णांना दोन गटांत वाटून एका गटाला प्रेडनिसोलोन ४० मिलिग्रॅमपासून कमी करत नेलं, दुसऱ्याला १० मिलिग्रॅमच ठेवलं. सहा आठवड्यांनी दोन्ही गटांत लक्षणीय फरक नाही. कित्येक फाईलींतल्या मोठ्या डोसांना, मागे वळून बघता, फारसा आधार नव्हता. त्या वेळी हे कुणाला माहीत नव्हतं, म्हणून लिहून देणाऱ्यांना दोष देता येत नाही. पण निंटेडॅनिब आणि पिरफेनिडोनच्या किमती ज्यांनी भरल्या त्यांच्या बिलांवर आता अक्षरं नाहीत, हेही खरं.

विषाणूबाबत आपण केवढे काटेकोर होतो ते बघितलं की विरोधाभास अधिक जाणवतो. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रातला ओमायक्रॉनचा पहिला रुग्ण डोंबिवलीचा निघाला, केपटाउनहून दुबई-दिल्लीमार्गे आलेला. त्याच्या नमुन्यातल्या विषाणूचा जनुकक्रम अक्षर-अक्षर वाचला गेला आणि राज्यभर बातमी झाली. त्याच शहरात वर्षभरापूर्वी ऑक्सिजनवरून सुटलेल्या हजारोंच्या श्वासाची साधी यादीही कुठल्या सार्वजनिक तक्त्यात नाही.

अशी यादी करायची परंपरा मुंबईला नवी नव्हती. केईएममध्ये डॉ. एस. आर. कामत आणि सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकात शहरातल्या वेगवेगळ्या वस्त्यांतल्या लोकांच्या छाती तपासून हवेच्या प्रदूषणाचा अभ्यास केला, आणि भोपाळच्या वायुगळतीनंतर तिथल्या रुग्णांची फुफ्फुसं तपासून १९८५ मध्येच निरीक्षणं छापली. पद्धत साधी: माणसं ठरवायची, त्यांची नावं-पत्ते ठेवायचे, आणि ठरल्या अंतराने पुन्हा बोलवायचं. बीजिंगच्या पीपल्स हॉस्पिटलने २००३ च्या सार्सनंतर हेच केलं. तिथल्या ७१ आरोग्य कर्मचाऱ्यांना पंधरा वर्षं पुन्हापुन्हा बोलवलं गेलं. फुफ्फुसावरचा व्रण २००३ मध्ये सरासरी ९.४ टक्के भागावर होता, वर्षभरात ३.२ वर आला, आणि त्यानंतर २०१८ पर्यंत जवळपास तिथेच राहिला. पहिल्या वर्षात जेवढं भरून येतं तेवढं येतं, हे यावरून कळलं. इकडे कोविड आला तेव्हा हा निबंध नुकताच छापून आला होता, फेब्रुवारी २०२० मध्ये.

ठाणे-कल्याणसाठी असा अभ्यास अजून मागे जाऊन करता येईल का? अर्धा. डॉक्टरांच्या वर्तणुकीसंबंधी २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवणं बंधनकारक आहे. जुलै २०२० च्या फाईलींची ती मुदत जुलै २०२३ मध्ये संपली, दुसऱ्या लाटेच्या फाईलींची २०२४ मध्ये. त्यानंतर रुग्णालयाने त्या ठेवल्या तर त्याच्या मर्जीने. उरते ती घरातली फाईल आणि तिच्यातली फिल्म, कोपऱ्यात तारीख आणि वय छापलेली, आणि सोबतचा अहवाल, ज्यावर मशीनचा प्रकार लिहिणं २४ सप्टेंबर २०२० च्या आदेशाने सक्तीचं केलं होतं. त्या फिल्मशेजारी आजची एक फिल्म आणि डीएलसीओचा एक आकडा ठेवला तर निदान एका माणसापुरती तुलना होते. असे ७१ जण बीजिंगला पुरले होते.